गणितावरून बोललात म्हणून हे उत्तर

पोस्टाच्या आरडीवर, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरत जायच्या बचतीवर, मी जो लेख लिहिला त्याखालची तुमची कमेंट काल रात्री दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "बायकांना पोस्टाची आरडी भरायला सांगता आणि तीच घरं क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलत बसतात, ज्यांना व्याजाचं साधं गणित येत नाही त्यांनी सल्ले देऊ नयेत."

मतभेद असू दे हो, पण "साधं गणित येत नाही" हे काय बोलणं झालं? ठाण्यात बावीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली मी, आणि ओळख ना पाळख, तुम्ही सरळ माझी अक्कल काढता? घरी कोणाशी असं बोलता का?

एक मान्य. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, आरडीवर वर्षाला ६.७, तेव्हा थकबाकी असेल तर आधी ती फेडा हे एक वाक्य लेखात हवं होतं, आज टाकते. पण बचत करायला सांगितलं की लोक कर्ज काढतात, हे कुठून आणलंत? मेक्सिकोत एका बँकेने २०१९ मध्ये तीस लाखांहून जास्त ग्राहकांना बचतीचे एसएमएस पाठवले होते, त्यावर अभ्यास झाला, बचत वाढली आणि कार्डावरचं व्याज मात्र लक्षात येण्याइतकं वाढलं नाही. लोकांनी खर्चच आवरला. माझं म्हणणं तरी दुसरं काय होतं?

आणि मी हे पुस्तकात वाचून नाही लिहीत. आम्ही कळव्याला चाळीत राहायचो, बाबांच्या ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा मी नववीत. आईची आरडी होती, एजंटबाई दर महिन्याला घरी येऊन पैसे न्यायच्या, आरडीच्या कार्डावर नोंद करायच्या. वर्ष उलटलं होतं म्हणून जमा रकमेच्या निम्मे पैसे मिळाले, माझी फी आणि दोन महिन्यांचं वाणसामान त्यातून निघालं. शेजारच्यांकडे काही साठलेलं नव्हतं, त्यांनी शेकडा पाचने उचलले, महिन्याला पाच बरं का, आणि मंगळसूत्र गेलं ते गेलंच. तुमच्या एक्सेल शीटमध्ये हे कुठल्या कॉलमात बसतं ते सांगा मला.

महागाई, एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला पैसे गुंतवणं) वगैरे जे कमेंटमध्ये पुढे लिहिलंय ते माझ्या लेखाचा विषयच नव्हता, सोडून देते. पुढची कमेंट जरूर करा, पण अशी भाषा असेल तर मी ती अप्रूव्ह करणार नाही.