‘हा गेम अवघड नाही, वाईट आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ या कॅपकॉम कंपनीच्या जुन्या व्हिडिओ गेमवरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: उडी मारल्यावर हवेत दिशा बदलता येत नाही, शत्रू कुठूनही उगवतात, शेवटी सगळा गेम पुन्हा खेळायला लावतात, तरी मी लहानपणीच्या प्रेमापोटी त्याला ‘फेअर’ म्हणतो.

लहानपणाचा मुद्दा लगेच मिटवतो. आमच्या कॅसेटमध्ये कॉन्ट्रा होता, मारिओ होता, हा नव्हता. मी तो पहिल्यांदा खेळलो तेव्हा नोकरीला लागून आठ वर्षं झाली होती.

उडीवरून मात्र मी भांडणार. मारिओ हवेतसुद्धा मागे खेचता येतो, त्यामुळे आपण आधी उडी मारतो आणि विचार नंतर करतो. या गेमचा नायक, चिलखत घातलेला आर्थर, याचं तसं नाही. जमिनीवरून पाय सुटला की तो कुठे पडणार हे ठरलेलंच असतं. तुम्हाला हा दोष वाटतो. माझ्या मते सगळा गेम या एका गोष्टीवर उभा आहे. पहिल्याच लेव्हलमध्ये जमिनीवर बसलेला तो लाल सैतान आठवा. जवळ गेलात की हवेत उसळतो, डोक्यावर घिरट्या घालतो आणि एकदम झडप घालतो. पहिल्या फटक्यात चिलखत जातं, दुसऱ्यात जीव. मी कित्येक दिवस त्याच्यापासून पळत होतो आणि मरत होतो. मग एका रविवारी भाला फेकणंच थांबवलं आणि नुसता त्याच्याकडे बघत राहिलो. भाला सरळ आडवा जातो, वर जात नाही. म्हणजे तो खाली येताना जेव्हा आपल्या उंचीवर असतो, तेवढाच क्षण आपला. त्याआधी घाबरून उडी मारली तर आपण हवेत अडकतो आणि तो बरोबर तिथेच येतो. हे एकदा डोळ्यांना दिसलं की हात आपोआप थांबायला शिकतात. हवेत वळता आलं असतं तर मी हे कधीच शिकलो नसतो, कारण गरजच पडली नसती. (हा सैतान लोकांना इतका आवडला की १९९० मध्ये कॅपकॉमने त्यालाच नायक करून गेमबॉय या हातात धरायच्या गेम-यंत्रावर वेगळा गेम काढला.)

आता तुमचं जे बरोबर आहे ते. शेवटी पोचल्यावर ‘हा सैतानाचा भ्रम होता’ असं सांगून पहिल्यापासून सुरुवात करायला लावणं मलाही पटत नाही. त्यात शेवटच्या लढाईला ठरावीक शस्त्र नसेल तर मागे धाडतात. हे शिकवणं नाही, नुसतं दमवणं आहे. मशाल हे शस्त्रही तसंच: चुकून उचलली की हातातला चांगला भाला गेला. १९८५ चा आर्केड गेम आहे, म्हणजे दुकानातल्या मशीनवर नाणं टाकून खेळायचा; नाणी पडत राहावीत हा हिशोब त्यात होताच, हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं.

एक शंका आहे. तुम्ही ‘झटके देत चालतो’ असं लिहिलंय, त्यावरून तुम्ही १९८६ ची घरगुती आवृत्ती खेळलात असं वाटतं. ती मायक्रॉनिक्स नावाच्या दुसऱ्या कंपनीने बनवली होती आणि तिची हालचाल खरंच खडबडीत आहे. ज्या गेममध्ये क्षणाचा अंदाज हेच सगळं, तिथे हा दोष फार मोठा. त्या आवृत्तीबद्दलचा तुमचा राग मला पूर्ण मान्य आहे.

सोपं करून खेळणं म्हणजे फसवणूक, असं मी म्हणतो असा तुमचा समज झालेला दिसतो; तसं मी कुठेही म्हटलेलं नाही. मूळ गेम घडवणारे तोकुरो फुजिवारा २०२१ मध्ये याच मालिकेतला ‘रिझरेक्शन’ हा नवा गेम घेऊन परत आले, तेव्हा त्यात मेलात तिथेच पुन्हा उभं करणारा मोडही होता. म्हणून विनंती करतो: आर्केडची आवृत्ती मिळवा, लाल सैतानाच्या जरा अलीकडे सेव्ह करा आणि तेवढाच तुकडा अर्धा तास खेळा. पहिली पाच मिनिटं काही फेकू नका, तो खाली कसा येतो एवढंच पाहा. मग काय झालं ते इथेच लिहा. मी वाट पाहतो.