चामखिळीचा हिशेब

सांगलीत हरभट रोडला लागून एका बोळात माझा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर लिहिलंय म्हणून स्टुडिओ म्हणायचं. आत एक निळा पडदा, एक पांढरा पडदा, छत्रीचे दोन लाईट, एक स्टूल आणि दाराशी आरसा. या आरशानं माझं जितकं डोकं खाल्लंय तितकं कुणी खाल्लं नसेल. गिऱ्हाईक त्यात बघून पाच मिनिटं भांग पाडतं आणि फोटो हातात आला की म्हणतं, "काय ओ, भांग उलट्या बाजूला आलाय." उलट्या बाजूला आलेला नसतो. जन्मभर आरशात बघितलेलं तोंड उलटं असतं, फोटोतलं सुलटं. हे मी तीस वर्षं समजावून सांगतोय. आजवर कुणालाही पटलेलं नाही.

अशा या दुकानात दीड वर्षापूर्वी एआय आलं. आणलं पोरानं. तो पुण्यात कंपनीत असतो. दिवाळीला आला की माझ्या दुकानात काहीतरी सुधारणा करून जातो आणि मी ती संक्रांतीपर्यंत निस्तरतो. "बाबा, तुम्ही तासतास एकेक सुरकुती खोडत बसता. आता नुसतं बटण दाबायचं." महिन्याचं भाडं कार्डावरून आपोआप जातं, तेही त्यानंच जोडून दिलं. कार्ड माझं.

माझ्या वडिलांचं रिटचिंग निगेटिव्हवर चालायचं. उतरतं लाकडी डेस्क, मागून उजेड, मधल्या काचेवर निगेटिव्ह. आधी तिच्यावर कापसाच्या बोळ्यानं पातळ मीडियम फिरवायचं, म्हणजे शिसं धरतं. पेन्सिल पॉलिशपेपरवर घासून घासून सुईसारखी करायची. निगेटिव्हमध्ये सगळंच उलट. सुरकुती काळी दिसत नाही, पारदर्शक रेघ दिसते. त्या रेघेत पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले की तेवढा उजेड अडतो आणि प्रिंटमध्ये सुरकुती फिकी होते. फिकी होते, जात नाही. वडील म्हणायचे, "सुरकुती मोडायची नाही, तिला जरा खाली बसवायची." एका चेहऱ्याला अर्धा दिवस जायचा. हात चुकून निगेटिव्ह गेली, तर गिऱ्हाइकाला निरोप धाडायचा की त्या दिवशी लाईट गेली होती, पुन्हा या.

मी कॉम्प्युटरवर शिकलो. २००२ साली फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश आला तेव्हा मला वाटलं, झालं, आता या धंद्यात शिकण्यासारखं काही उरलं नाही. शेजारच्या चांगल्या कातडीचा नमुना उचलायचा आणि फोडीवर फिरवायचा; रंग आणि उजेड तो आपोआप जुळवून घेतो. पुढं पोत एका लेयरवर आणि रंग दुसऱ्या लेयरवर, असं वेगळं करायला शिकलो. मग डोळ्यांखालचा काळेपणा काढला तरी कातडीची छिद्रं जागेवर राहायची. या छिद्रांना लोक हसतात, पण ती गेली की माणसाचा बाहुला होतो.

एआयला छिद्रांचं वावडं आहे. बटण दाबलं की ते चेहरा शोधतं, डोळे-नाक-जिवणी बाजूला ठेवतं, आणि कातडीवर जे जे त्याला अतिक्रमण वाटेल ते अतिक्रमणवाल्यांच्या गाडीसारखं उचलून नेतं. तीळ, वांग, देवीचे व्रण, लहानपणी विटीनं पडलेली खोक, सगळं एका मापानं. पन्नास वर्षं उसाला पाणी पाजलेला माणूस त्यातून सोललेल्या अंड्यासारखा बाहेर येतो. गेल्या चैत्रात तासगावकडच्या एक आजी आल्या होत्या. कपाळावर गोंदण, हनुवटीवर तीन ठिपके. मी नेहमीसारखं बटण दाबलं आणि प्रिंट दिली. आजींनी फोटो हातभर लांब धरला, मग जवळ धरला.

"ही कुटली रं?"

"तुम्हीच की आजी."

"माज्या आईनं मला जत्रंत धरून गोंदवून घेतलं. मी बोंबलून गाव गोळा केलं हुतं. तुज्या मशीननं येका मिनटात पुसलं, आनि मला इचारलंबी न्हाई?"

मी खाली मान घालून माऊसनं तिन्ही ठिपके परत गोंदले. आजी मागं उभ्या राहून सांगत होत्या, "मदला जरा मोटा हाय."

म्हणजे असं झालंय बघा. वडील डाग काढायचे पैसे घ्यायचे, काल-परवापर्यंत मीही त्याचेच घ्यायचो. आता डाग एका सेकंदात निघतात आणि माझा सगळा दिवस ते परत लावण्यात जातो.

लग्नाच्या बायोडाटावाली मंडळी तेवढी खूश आहेत. मुलीची आई माझ्या खुर्चीमागं उभी राहून सांगते, "नैसर्गिक दिसू दे हं. नुसतं जरा गोरी करा, नाक सरळ करा आणि गाल आत घ्या." एवढं करून जे उरतं ते नैसर्गिक. फ्लेक्सवाल्यांचं तर विचारूच नका. मध्यंतरी एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चाळीस शुभेच्छुक होते. मशीनमधून काढल्यावर चाळीसही जण एका आईची लेकरं, फरक काय तो गॉगलचा. त्यात एकाचा फोटो दोनदा लागला. फ्लेक्स तीन दिवस चौकात होता, कुणाच्याही लक्षात आलं नाही. त्याच्याही नाही.

हे सगळं मी पचवलं होतं. मग तात्यांचा फोटो आला.

तात्या गावभागातले. हळदीच्या अडतीवर चाळीस वर्षं दिवाणजी होते, २००८ साली वारले. त्यांचा फोटो माझ्या वडिलांनीच काढलेला, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. तो भिंतीवर होता. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पावसाळ्यात सांगलीत माणूस माणसाला 'बरं आहे का' विचारत नाही, 'किती फूट?' विचारतो, ४५ म्हणजे धोका, त्याच्या पुढं सामान माळ्यावर. तात्यांच्या घरात माळाही बुडाला. फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्यात फुगतो आणि फ्रेमच्या काचेला चिकटून बसतो. घरच्यांनी वाळल्यावर काच ओढून काढली. टोपी, डोळे आणि निम्मं नाक कागदावर राहिलं. नाकाखालचे तात्या काचेबरोबर गेले. निगेटिव्ह माझ्याकडं असायला हवी होती, पण वडिलांचे निगेटिव्हचे खोके २००५ च्या पुरात गेलेले. निगेटिव्ह एका पुरानं नेली, प्रिंट दुसऱ्यानं.

आता पोरांनी पुराला कंटाळून विश्रामबागला फ्लॅट घेतला होता. रविवारी वास्तुशांत, आणि तात्या भिंतीवर पाहिजेत.

मी स्कॅन केलं आणि बटण दाबलं. मशीनला बिचाऱ्याला तात्या कुठले माहीत? गेलेलं परत आणणं त्याच्या हातात नसतं. लाखो तोंडं बघून त्याचा एक आडाखा बसलेला असतो की असे डोळे असले तर खाली बहुधा असं तोंड असतं, आणि ते तसं चिकटवतं. त्यानं तात्यांना बत्तीसच्या बत्तीस पांढरेशुभ्र दात दिले आणि खळखळून हसवलं. टोपीची एक कड उडाली होती, ती केस समजून तिथं मागं वळवलेले दाट केस बसवले. अडतीवर पावती फाडताना तात्या असे हसले असते तर शेतकऱ्यांनी हळद परत गाडीत भरली असती.

दुसऱ्या खेपेला तोंड मिटलं, पण मिशी कुठल्यातरी इंग्रज साहेबाची आली. मग मी बटणाचा नाद सोडला. धाकटा हुबेहूब बापावर गेलाय असं सगळे म्हणतात, म्हणून त्याला स्टुलावर बसवून त्याच्या हनुवटीचा तसाच उजेड धरून फोटो काढला. तो खाली जोडला, वीस वर्षांच्या सुरकुत्या हातानं घातल्या, आणि मिशी केसाकेसानं काढली. दोन रात्री गेल्या. शनिवारी सकाळी सगळं घर दुकानात आलं. काकू, आक्का, थोरला, धाकटा, दोन सुना.

"आगदी तात्या," थोरला म्हणाला.

"झाक," धाकटा म्हणाला. त्याचीच हनुवटी, तो काय म्हणणार.

आक्का स्क्रीनच्या इतकी जवळ गेली की काचेवर वाफ आली. "चामखीळ कुठाय?"

दुकानात शांतता पसरली. चामखीळ होती, याबद्दल सगळ्यांचं एकमत. कुठल्या गालावर, याबद्दल नाही. आक्का म्हणाली डावीकडं, कडेवर असताना ती ओढायची. थोरला म्हणाला उजवीकडं. "तुमची उजवी की त्यांची?" मी विचारलं, आणि इथं चूक झाली. थोरला तात्या होऊन उभा राहिला, धाकटा त्याच्यासमोर थोरला होऊन. मग आक्कानं दोघांना वळवलं. सुना आरशासमोर जाऊन बघू लागल्या, तेव्हा मी आरशाला पाठ करून बसलो. शेवटी सगळ्यांनी काकूंकडं बघितलं.

काकू म्हणाल्या, "मला काय माहिती? आमच्या काळात नवऱ्याच्या तोंडाकडं कोण बघत होतं? सासूबाई बसलेल्या असायच्या."

धाकट्यालाच सुचलं. "नाना न्हाव्याला आणू या का?"

नाना ऐंशीच्या पुढं. दुकान आता पोरगा बघतो, पण तात्यांची दाढी शेवटपर्यंत त्यांच्याच हातची. धाकट्यानं त्यांना स्कूटरवरून आणलं. नानांनी स्क्रीनकडं बघितलं आणि मान हलवली. "आसं समूरून न्हाई सांगता यायचं. बसा स्टुलावर."

"कोण?"

"तुमी."

मी बसलो. नानांनी मागून माझ्या हनुवटीखाली अंगठा लावून डोकं वर केलं आणि डोळे मिटले. तर्जनी कानशिलापासून खाली आणली, वस्तरा धरावा तशी तिरकी. उजवा गाल एका दमात झाला. डावा गाल सुरू झाला. दोन बोटांनी कातडी ताणली, तर्जनी खाली खाली आली आणि जबड्याच्या बोटभर वर टुण्‌कन उडी मारून पुढं गेली. त्यांनी परत फिरवली. तिथंच परत उडी.

"हितं," नाना म्हणाले. "हितं वस्तरा उचलायचा. येकदाच इसारलो. म्हैनाभर दुसऱ्याकडं गेलं तात्या."

मी त्या जागी बोट दाबून धरलं आणि कॉम्प्युटरकडं पळालो, जागा हलायला नको म्हणून. एका हातानं स्वतःचा डावा गाल धरलेला, दुसऱ्या हातात माऊस. समोर तात्या. उजेड वरून येत होता, म्हणून चामखिळीखाली बारीक सावली दिली, वर एक ठिपका चमक दिली. इतकी सुरेख बसली की मीच खूश झालो. मागून डोक्यात टपली बसली.

"फोटूवालं, आरशात बगालाय व्हय? त्यो त्येंचा उजवा झाला."

तीस वर्षं लोकांना उलटं-सुलटं शिकवणारा मी. दुकानात कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. मी चामखीळ उचलून पलीकडच्या गालावर ठेवली आणि तिची सावली फिरवली. आक्कानं बघितलं. "तिच्यावर एक केस होता." केस काढला. आक्का काही बोलली नाही, पदर डोळ्यांना लावून बाहेर पायरीवर जाऊन बसली. मग काकूंनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "हं. होती बाई."

बिल केलं. स्कॅन, दुरुस्ती, १२ बाय १५ ची प्रिंट, फ्रेम. खाली लिहिलं, चामखीळ, १५० रुपये.

थोरल्यानं बिल वरून खालपर्यंत वाचलं. दिवाणजीचंच रक्त. "चामखिळीचे कसले ओ पैसे? ती तर आमचीच होती."

मी ती ओळ पेनानं खोडली.

सगळे गेले, नाना मागं राहिले. धाकटा स्कूटर वळवून आणेपर्यंत आरशात बघत होते. मग हात पुढं केला. "दाढीचं साठ रुपय."

"नाना, कोरडी होती. वस्तराही नव्हता."

"हात फिरला न्हवं?"

मी साठ रुपये दिले.