निमगोरी

सकाळी सकाळी भाचीचा बायोडाटा हातात पडला आणि डोकंच फिरलं. उंची, शिक्षण, देवक, मामाचं गाव, आणि मध्येच 'रंग : निमगोरा'. पोरगी भर उन्हात फुटबॉल खेळते, चांगली सावळी आहे. निमगोरी कुठली?

वहिनीला म्हटलं, खोडा ते. तर म्हणते, "वन्सं, तुमचं लग्न झालंय, तुमचं काय जातंय बोलायला?"

माझं लग्न! दाखवायचा फोटो काढताना पेठेतल्या फोटोग्राफरनं तोंडाला एवढी पावडर थापली की चेहरा पिठाच्या डब्यातनं काढल्यासारखा. मांडीवरचे हात मात्र माझेच राहिले, काळेभोर.

अरे, आपले सगळ्यांचेच पूर्वज आफ्रिकेतले, काळे. त्या उन्हात मेलॅनिननं, म्हणजे कातडीतल्या काळ्या रंगद्रव्यानं, शरीरातलं फोलेट नावाचं जीवनसत्त्व राखलं. ते कमी पडलं तर पोटातल्या बाळाचा मणका नीट बनत नाही. काळ्या कातडीनं वंश जगवलाय! मग ६०-७० हजार वर्षांपूर्वी काहीजण बाहेर पडले. जे पार उत्तरेला पोचले त्यांना मिणमिणत्या उन्हात ड जीवनसत्त्व पुरेना, म्हणून कातडी उजळत गेली. तीही लगेच नाही. इंग्लंडात सापडलेला १० हजार वर्षांपूर्वीचा एक सांगाडा आहे, चेडर मॅन म्हणतात त्याला, २०१८ साली त्याच्या डीएनएवरनं कळलं की तोसुद्धा बहुधा काळासावळाच होता. इंग्लंडातला!

आणि आपण कोल्हापूरकर विषुववृत्तापासून जेमतेम १७ अंशांवर. मे महिन्यात एक दुपार अशी येते की रंकाळ्यावर उभं राहिलं तर सावली पायाखाली गडप. इथं गोरं होऊन करायचंय काय? भाचीच्या थोरल्या बहिणीला 'काळी पडशील' म्हणून घरात कोंडली. ती आता ड जीवनसत्त्वाच्या पुड्या दुधातनं घेते.

हां, गोरेपणाचं जनुक आपल्यातही आहे, एकाच आईची एक पोर गोरी, एक सावळी निघते. असू दे.

आणि कमेंटीत 'विठोबाही काळाच' लिहू नका. ते फक्त काळ्या पोरींची समजूत काढायला असतं. अंबाबाई काळ्या पाषाणाची आहे म्हणून कुणी काळी सून हुडकत फिरलंय?

वहिनीवर तरी किती चिडू? तीन स्थळं नुसता फोटो बघून परत गेली. रात्री एकटीच बसून तिनं तो शब्द टाईप केला असणार.

दुपारी भाची आली होती. कपाटातला माझा तो फोटो तिच्या हाती लागला. बराच वेळ बघत बसली.

"आत्या, हे हात दुसऱ्या कुणाचे जोडलेत काय गं?"