मेव्हिस बीकन नावाची बाई कधी नव्हतीच

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मजकूर तिघांनी तीनदा टाकला. सुटातल्या हसऱ्या बाईंचा फोटो आणि खाली असं: "या मेव्हिस बीकन. जगातल्या सर्वांत वेगवान टायपिस्ट. १९८७ साली त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर टायपिंग शिकवणारं पहिलं सॉफ्टवेअर बनवलं. टायपिस्टचा वेग मुद्दाम कमी करणाऱ्या कीबोर्डवर त्यांनी जगाला पळायला शिकवलं. त्यांच्यामुळेच गावोगावचे टायपिंग क्लास बंद पडले." त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात गाठून विचारलंच, "ताई, तुम्ही टायपिंगवाल्या ना, वाचलंत का?"

वाचलं, काका. एक १९८७ हे साल सोडलं, तर बाकी सगळं चूक आहे.

आधी त्या बाई. सॉफ्टवेअर खरं आहे, ते १९८७ सालीच आलं आणि 'द सॉफ्टवेअर टूलवर्क्स' या अमेरिकन कंपनीनं काढलं. पण मेव्हिस बीकन हे नाव कंपनीनं रचलेलं. 'मेव्हिस' घेतलं गायिका मेव्हिस स्टेपल्स यांच्यावरून, आणि 'बीकन' म्हणजे वाट दाखवणारा दिवा. फोटोतली तरुणी मात्र खरी. मूळची हैतीची, बेव्हर्ली हिल्समधल्या एका बड्या दुकानात अत्तराच्या काउंटरवर उभी असायची. कंपनीतल्या लेस क्रेन यांनी तिला तिथं पाहिलं. हे क्रेन साठच्या दशकात टीव्हीवर मुलाखतींचा कार्यक्रम करायचे, त्यामुळे चेहऱ्याची किंमत त्यांना बरोबर ठाऊक. सॉफ्टवेअर बनवण्यात तिचा काही हात नव्हता. खोक्यावर कृष्णवर्णीय बाईचा फोटो आहे म्हणून काही दुकानदार माल ठेवायला कचरत होते, हेही तिथलंच वास्तव. पुढे माल तडाखेबंद खपला आणि लोक कंपनीला फोन करून "मेव्हिस बाईंना द्या" म्हणायला लागले. म्हणजे फसणारे आपण पहिले नाही, तेवढंच समाधान.

'पहिलं सॉफ्टवेअर' हे तर सालांवरूनच निकालात निघतं. मायक्रोसॉफ्टचं 'टायपिंग ट्यूटर' १९७९ सालचं. ते कॅसेटवर मिळायचं. कोणत्या कळीवर तुमचं बोट अडखळतं ते मोजायचं आणि तीच कळ पुन्हा पुन्हा पुढे आणायचं. १९८१ मध्ये ॲपल-टू या कॉम्प्युटरसाठी 'मास्टरटाइप' आलं. त्यात मधोमध तुमचं यान आणि चारी कोपऱ्यांतून अंगावर येणारे शब्द. शब्द बिनचूक टाइप केला की तो फुटणार. 'टायपिंग ट्यूटर'च्या १९८४ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर आकाशातून अक्षरंच पडायची. खेळता खेळता शिकवण्याची कल्पना मेव्हिस बाईंच्या जन्माआधीची आहे, जन्म म्हणायचाच असेल तर.

आता कीबोर्डची गोष्ट. क्वर्टी, म्हणजे इंग्रजी कळांची आपली नेहमीची मांडणी, टायपिस्टना हळू करायला बनवली, हे इतक्या वेळा सांगितलं गेलंय की शिक्षकही सांगतात. टाइपरायटर बनवणाऱ्या शोल्स यांनी ही मांडणी बसवली १८७० च्या दशकात. रेमिंग्टन कंपनीकडून मशीन बाजारात आलं १८७४ साली. तेव्हा न बघता दहा बोटांनी टाइप करणारे होतेच कुठे? ती पद्धत गाजली १८८८ च्या सिनसिनाटीतल्या स्पर्धेमुळे. कळा पाठ असलेल्या मॅकगरिन यांनी ती जिंकली. पळणाराच नव्हता, तर लगाम कुणाला घालणार? आणखी एक, 'ई' आणि 'आर' ही इंग्रजीत सतत जोडीनं येणारी अक्षरं क्वर्टीवर शेजारी शेजारी आहेत. हळू करायचं असतं तर ती अशी ठेवली असती का? मशीनचे अक्षरं उमटवणारे दांडे एकमेकांत अडकतात, हे मात्र खरं. मी स्वतः ते बोटांनी सोडवलेत, नखं काळी करून घेतलीत. पण दांडे अडकू नयेत याची सोय केली तर वेग वाढतो, कमी होत नाही. क्योटो विद्यापीठातल्या कोइची आणि मोतोको यासुओका या संशोधकांनी तर ही मांडणी तार ऑपरेटरांच्या गरजेतून घडत गेली असं मांडलंय. मधल्या ओळीकडे एकदा बघा: डी, एफ, जी, एच, जे, के, एल. आधीच्या वर्णानुक्रमे मांडणीचे हे अवशेष अजून तिथंच आहेत.

राहता राहिले क्लास. १९८७ मध्ये नाशकात किती घरांत कॉम्प्युटर होता? मी अशोक स्तंभाजवळच्या एका माडीवर शिकले ते १९९१ मध्ये, आणि तेव्हा सकाळी सहाच्या बॅचलाही मशीन मिळायची मारामार. एएसडीएफजीएफ, सेमीकोलन एलकेजेएचजे, पानंच्या पानं. ही गर्दी हौसेची नव्हती. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांच्या वेगाचं सरकारी प्रमाणपत्र लागायचं, आजही लागतं. परदेशी सॉफ्टवेअर ते प्रमाणपत्र कसं देणार? क्लास संपले नाहीत, त्यांनी मशीन बदललं. परीक्षा कॉम्प्युटरवर गेली तशी टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर आले. पाटी बहुतेक ठिकाणी जुनीच आहे.

आणि मराठीचं काय? या फॉरवर्डात मराठीचं नावच नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. त्या सॉफ्टवेअरमधला एकही धडा मराठीच्या कामाचा नाही. आमच्या मराठी मशीनवर 'ग' काढायला आधी अर्धा 'ग्' आणि मग काना. मात्रा, उकार यांच्या कळा दाबल्या तर कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, हलायचंच नाही, कारण ती खूण पुढच्या अक्षरावर बसायची. ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर नंतर, हातानं लिहितो तसं. मग इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची कॉम्प्युटरवरची कळांची मांडणी, आलं आणि सगळं उलटं झालं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, 'क' मात्र सोयीनं 'के'वरच. आणि अक्षर आधी, वेलांटी नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमानं. मांडणी चांगली आहे, मी तिच्यावरच लिहिते. पण बोटांना सवय कुणी लावली, हे ती विसरत नाहीत. आजही घाईत 'किती' लिहायला गेले की बोट आधी वेलांटीवर पडतं, आणि स्क्रीनवर ती बिचारी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकून अक्षराची वाट बघत बसते.