छडी नव्हती म्हणून ती मुलं रानटी झाली? पुस्तक तर उघडा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही नोबेल मिळालेली सत्यकथा आहे. विमान पडून एका बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांवर मास्तरांचा, वडीलधाऱ्यांचा धाक उरला नाही, त्यामुळे ती रानटी झाली आणि निम्म्याहून जास्त एकमेकांच्या हातून मेली. शेवटी आरमाराचा अधिकारी आला, त्याचा गणवेश बघताच सगळी सरळ झाली. तात्पर्य, मूल जन्मतः रानटी असतं आणि त्याला माणसात आणते ती छडी. शाळेत मारायला बंदी करणारा कायदा हे परदेशी खूळ आहे, मुलाचं भलं व्हायचं असेल तर कडक शिक्षा करणाऱ्या निवासी शाळेत घाला. खाली मराठा सेंटरच्या, म्हणजे बेळगावातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षण केंद्राच्या परेडचा फोटो आणि ‘प्रत्येक पालकाला पाठवा’.

घरच्या ग्रुपवर हा मेसेज आला तेव्हा मी सोडून दिला होता. मग खानापूरहून धाकट्या जावेचा फोन आला. “अक्का, त्या पुस्तकातलं खरं काय ओ? आमच्या पोराला तसल्या निवासी शाळेतच घालूया म्हणतात हे.” पोरगा तेरा वर्षांचा, अंगानं किरकोळ, चारचौघांत बोलायला लाजणारा. प्रवेशाच्या कागदांत एक ओळ आहे : शिस्तीसाठी केलेल्या शिक्षेला पालकांची हरकत नाही. तिथं सही करायची आहे. पोराच्या पाठीवर वळ उठवायची परवानगी एका कादंबरीच्या नावावर मागितली जात असेल, तर त्या कादंबरीत काय लिहिलंय हे कुणीतरी सांगायलाच हवं. मी बी.ए.च्या मुलांना इंग्रजी शिकवते, ही कादंबरी वर्गात शिकवली आहे, म्हणून लिहिते.

आधी किरकोळ थापा. ही सत्यकथा नाही. विल्यम गोल्डिंग यांनी रचलेली ही कादंबरी 1954 मध्ये छापून आली. नोबेल त्यांना 1983 मध्ये मिळालं, ते एकूण लेखनासाठी, एका पुस्तकासाठी नव्हे. निम्म्याहून जास्त मुलं मरतात हेही खोटं. चेहऱ्यावर जन्मखूण असलेलं एक चिमुरडं पहिल्याच वणव्यानंतर दिसेनासं होतं, पुढे सायमन आणि पिगी ही दोन मुलं मारली जातात. तीन जीव. तेवढेही भयंकरच आहेत, फुगवायची गरज नव्हती. आणि ही मुलं त्या विमानात का होती, हे तर मेसेजवाल्यानं गाळूनच टाकलंय. जगात अणुयुद्ध पेटलंय, म्हणून मुलांना सुरक्षित जागी हलवत असताना विमान पडतं. म्हणजे कादंबरीचं पहिलं पान उघडायच्या आधीच मोठ्या माणसांनी जग जाळायला घेतलेलं आहे.

आता मुख्य मुद्दा. धाक नव्हता म्हणून मुलं रानटी झाली, असं म्हणता ना? मग त्या बेटावर रानटी होणारी पहिली टोळी कोणती, ते बघा. चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांचं पथक! बाकीची पोरं एकेकटी, विस्कटलेली, कपडे काढत वाळूतून येतात. हे पथक मात्र भर उन्हात दोन रांगा धरून, एका चालीनं येतं. गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे झगे, छातीवर रुपेरी क्रूस, डोक्यावर चौकोनी काळ्या टोप्या. त्यांचा म्होरक्या जॅक त्यांना तसंच उभं राहायला लावतो आणि सायमन चक्कर येऊन वाळूत तोंडावर पडतो. जॅकला त्याचं काहीच वाटत नाही. हा नेहमीच असा पडतो, म्हणतो. पुढारी निवडायची वेळ येते तेव्हा पथकातली मुलं जॅकसाठी हात वर करतात, पण मनापासून नाही, हुकमाच्या सवयीनं.

बेटावरची सगळ्यात शिस्तबद्ध, सगळ्यात आज्ञाधारक मुलं ही. डुकरांच्या शिकारीला तीच लागतात, तोंडाला रंग तीच फासतात. आपण सभ्य लोक आहोत, रानटी नव्हे, नियम हवेत आणि ते पाळायलाच हवेत, असं सुरुवातीला ठासून सांगणाराही जॅकच. नियमांचं त्याला फार प्रेम, कारण नियम मोडणाऱ्याला शिक्षा करता येते.

दहाव्या प्रकरणात तर या मेसेजचा निकालच लागतो. जॅक आता टोळीचा सरदार आहे. त्याचा कडा आहे, कड्याच्या वाटेवर पहारा आहे. टोळीतला रॉजर तिथं येतो तेव्हा पहाऱ्यावरचा मुलगा त्याला सांगतो की सरदार टोळीतल्याच विल्फ्रेडला मारणार आहे. कशासाठी? माहीत नाही, त्यानं सांगितलं नाही. रागावला आणि विल्फ्रेडला बांधायला लावलं. तासन्‌तास बांधलेला विल्फ्रेड वाट बघतोय. आणि रॉजर हे ऐकून हादरत नाही, गप्प बसून विचार करतो : ज्याला कुणी जाब विचारणार नाही अशी सत्ता हातात असली की काय काय करता येईल! पिगीवर धोंडा लोटणारा तो हाच रॉजर. मेसेजवाला छडी हा रानटीपणावरचा उपाय सांगतोय. कादंबरीत मात्र सरदाराच्या हुकमानं होणारी मारहाण जॅकच्या टोळीतच आहे, आणि तिथूनच पुढचा खून जन्माला येतो. मुलांनी पुढारी म्हणून निवडलेल्या राल्फच्या बाजूला शंख आहे : ज्याच्या हातात शंख, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. राल्फ कुणाला बांधून घालत नाही. त्याची व्यवस्था कोसळते हे खरं, पण ती कुणी पाडली?

इथं एक गोष्ट मेसेजवाल्यांच्या बाजूची आहे, ती मीच सांगते. चौथ्या प्रकरणात हाच रॉजर वाळूत खेळणाऱ्या लहानग्या हेन्रीवर दगड मारतो, पण मुद्दाम नेम चुकवून. हेन्रीभोवती एक अदृश्य वर्तुळ आहे, त्यात दगड टाकायचं धाडस त्याला अजून होत नाही. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा यांचं ते वर्तुळ. तेव्हा शाळेचा, कायद्याचा वचक असतो, तो हवाही, हे मला मान्य आहे. पण ते वर्तुळ कुणाभोवती आहे ते वाचा. दगड खाणाऱ्या लहान पोराभोवती ते आहे, त्याला जपण्यासाठी. शाळेचं नाव तिथं आलंय ते दुबळ्याच्या पाठीशी उभी राहणारी म्हणून. ज्या शाळेत मोठा माणूसच पोरावर हात उगारतो, ती त्या वर्तुळात बसत नाही.

गणवेशातल्या अधिकाऱ्याबद्दल. तो येतो कसा? राल्फला बिळातून उंदीर काढावा तसं बाहेर काढायला जॅकच्या टोळीनं अख्खं रान पेटवलेलं असतं, त्या धुरामुळे. किती मेले विचारल्यावर राल्फ सांगतो, दोघेच. ते चिमुरडं तर हिशेबातही नाही. अधिकाऱ्याला वाटतं, इंग्रज मुलांनी यापेक्षा बरं वागून दाखवायला हवं होतं. पण पाठीमागे समुद्रात त्याचीच युद्धनौका उभी आहे. गोल्डिंग यांनी स्वतःच याचा खुलासा केलाय : माणसाची शिकार थांबवणारा हा अधिकारी मुलांना ज्या नौकेवरून नेणार, ती थोड्याच वेळात तितक्याच निर्दयपणे शत्रूची शिकार करायला निघणार आहे. मग त्याला आणि त्याच्या नौकेला कोण वाचवणार? हा प्रश्न लिहिणारा माणूस शांततावादी उपदेशक नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमारात लढलेला, नॉर्मंडीच्या चढाईत असलेला आणि सॉल्सबरीच्या शाळेत मास्तरकी केलेला माणूस होता तो. मुलं आणि युद्ध, दोन्ही त्यानं जवळून पाहिली होती. गणवेश आला आणि सगळं सरळ झालं, असा अर्थ त्याच्या तोंडी घालणं म्हणजे लबाडी आहे.

बरं, खऱ्या बेटावर खरी मुलं अडकली तर काय होतं? तेही घडलेलं आहे. 1965 च्या जूनमध्ये टोंगा देशातल्या नुकुआलोफाची सहा मुलं, 13 ते 16 वर्षांची, शाळेला कंटाळून एका कोळ्याची होडी न विचारता घेऊन निघाली. वादळात शीड फाटलं, सुकाणू मोडलं. आठ दिवस भरकटून ती आटा नावाच्या निर्जन बेटाला लागली. तिथं ती पंधरा महिने राहिली. पावसाचं पाणी साठवायला झाडांची खोडं पोखरली. बाग केली. दोघादोघांच्या पाळ्या लावून चूल, बाग आणि पहारा सांभाळला, एकदा पेटवलेली आग विझू दिली नाही. नारळाची करवंटी, वाहून आलेलं लाकूड आणि होडीतल्या तारा यांची गिटार करून गाणी म्हटली. भांडणं झालीच. मग भांडणारे दोघे बेटाच्या दोन टोकांना जायचे, डोकं थंड झालं की परत यायचे. एकाचा कड्यावरून पडून पाय मोडला, तर बाकीच्यांनी काटक्या आणि पाला बांधून तो जुळवला आणि त्याच्या वाट्याचं काम वाटून घेतलं. 1966 च्या सप्टेंबरात पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीनं त्यांना सोडवलं. डच लेखक रुत्खर ब्रेगमन यांनी 2020 मध्ये ही हकीकत जगापुढे पुन्हा आणली.

आणखी एक ऐका. आटा बेट मुळात निर्जन नव्हतं. 1863 मध्ये गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तिथली बरीच माणसं फसवून जहाजात भरून नेली, म्हणून ते ओसाड पडलं. बेट उजाड केलं ते गलबतं हाकणाऱ्या मोठ्या माणसांनी, आणि त्यावर चूल पेटती ठेवली सहा पोरांनी.

ही सहाजणं आधीपासूनची मित्र होती, एकाच शाळेत शिकत होती. गोल्डिंगची मुलं, ते पथक सोडलं तर, बहुतेक एकमेकांना अनोळखी, वर युद्धाच्या भीतीतून आलेली. त्यामुळे एका हकिकतीवरून सगळी मुलं देवदूत ठरत नाहीत. मी तसं म्हणतही नाही. माणूस दुष्टपणा निर्माण करतो, मधमाशी मध करते तसा, असं गोल्डिंग यांनीच लिहिलंय, तेही युद्ध पाहून आल्यावर. पण त्यांनी लिहिलंय ‘माणूस’. त्यात छडी हातात धरणाराही येतो. मूल जात्याच वाईट म्हणून त्याला मोठ्याच्या हवाली करा, हे म्हणण्यासाठी मोठा माणूस जात्याच चांगला निघायला हवा. तशी हमी गोल्डिंग देत नाहीत.

गेल्या दिवाळीत आमच्या वडगावच्या गल्लीत पोरांनी किल्ला केला. सगळ्यात मोठा नववीतला, सगळ्यात धाकटा पहिलीतला. माती आणणं, गोणपाट भिजवणं, बुरूज लिंपणं, मोहरी पेरणं, सगळं त्यांचं त्यांनी. दरवाजा कुठल्या बाजूला यावरून तोंडातोंडी झाली, मोठ्यानं दम दिला, तर धाकट्यांनी आपापले मावळे उचलले आणि पायरीवर जाऊन बसले. मावळ्यांशिवाय किल्ला कसला! शेवटी दरवाजा धाकट्यांच्या म्हणण्याप्रमाणे झाला, बुरूज मोठ्याच्या. रात्री कुत्री चढू नयेत म्हणून पाळ्याही लागल्या. कुणी मोठं माणूस मध्ये पडलं नाही. बेळगावात हे गल्लोगल्ली दिसतं, आणि इथंच बसून आपण पोरं जन्मतः रानटी म्हणणारे मेसेज पुढे ढकलतो!

मराठा सेंटरचा फोटो त्या मेसेजवर लावलाय, त्याचा मला सगळ्यात जास्त संताप आला. फौजेत जवान म्हणून साडेसतरा वर्षांच्या आत कुणाला घेत नाहीत आणि जो जातो तो आपण होऊन जातो. आठवीतल्या पोराच्या पाठीवरच्या वळांसाठी त्या जवानांचा फोटो वापरू नका.

कायद्याचं बोलायचं, तर तो परदेशी नाही, आपल्या संसदेचा आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 17 : कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करता येणार नाही, करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होईल. हा कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे, म्हणजे आमच्या पुतण्यालाही लागू. आणि पालकांनी हरकत नाही असं लिहून दिलं तर चालेल, अशी सवलत त्यात कुठेही नाही. त्या कागदावर सही केलीत तरी मारणाऱ्याला त्याचा आधार मिळणार नाही. पोराला मात्र एवढं नक्की कळेल की घरच्यांनी लिहून दिलं होतं.

जावेला मी सही करू नको म्हणून सांगितलंय. दिरांनाही फोन केला, ते अजून घुश्शात आहेत. दहाव्या प्रकरणातल्या विल्फ्रेडच्या पानाचा मराठी मजकूर मी आज ग्रुपवर टाकतेय, ज्यांनी मेसेज पुढे पाठवला त्यांनी तेवढं एक पान तरी वाचावं.