गिरणीच्या जागेवरचे किराणा दुकान: फिरत्या संदेशाला उत्तर

‘बंद गिरणीच्या जुन्या शेड पाडाव्यात, तिथे बंदिस्त वातानुकूलित दुकान बांधून पुढे गाड्यांसाठी पटांगण सोडावे, कापसाच्या गिरणीची जमीन स्वच्छच असते आणि पेठेतल्या किराणा दुकानाचे दिवस आता सरले’, असा संदेश सध्या सोलापुरात फिरतो आहे. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून ज्या शहराच्या पेठा गिरण्यांच्या आधाराने वाढल्या, तिथे तो न तपासता पुढे पाठवणे मला योग्य वाटत नाही.

शेड निरुपयोगी आहे, हे पहिले विधान. मागावरचा धागा विणकराला स्वच्छ दिसावा म्हणून गिरण्यांचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे बांधत आणि काचा उत्तरेकडे ठेवत. तोच प्रकाश डाळ-तांदूळ निवडून घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडतो, आणि उंच छतामुळे गरम हवा डोक्याच्या वर राहते. सोलापुरात मात्र मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून काचांवर छज्जा हवाच. तो घालून छताचा दक्षिण उतार पांढरा रंगवला, तर दिवसा दिवे फारसे लागणार नाहीत आणि गारव्याचा खर्च बव्हंशी दूध-दह्याच्या कपाटापुरता उरेल.

जमीन स्वच्छ असते, हे विधान तर धोक्याचे आहे. कापूस स्वच्छ असेल. पण गिरणीत रंगखाते होते, बॉयलरची राख होती, यंत्रांचे तेल वर्षानुवर्षे मुरत होते. जुने पत्रे अॅस्बेस्टॉसचे असतील, तर ते फोडताना उडणारे तंतू फुप्फुसाला घातक ठरतात. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नसल्याने दुकानासाठी बोअर घेण्याचा मोह होईल. माती आणि पाणी दोन्ही तपासल्याखेरीज त्या पाण्याने भाजी धुऊ नये.

गाड्यांच्या पटांगणाबद्दल एवढेच, की चालत येणाऱ्या वस्तीला त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा मागच्या बाजूला टेम्पो लागेल असे दार आणि हमालाला पोते पाठीवरून थेट उतरवता येईल असा ओटा आधी आखावा.

किराणा दुकानाचे दिवस सरले म्हणणाऱ्याने आठवड्याच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईची खरेदी पाहावी. ती दोन किलो ज्वारी घेते, कारण पीठ विरी गेले की भाकरी थापताना चिरते. म्हणून थोडेच आणि ताजे दळून नेते. तिच्यासाठी काटा तिला दिसेल असा समोर हवा, पोती जमिनीपासून आणि भिंतीपासून सुटी, लाकडी फळ्यांवर हवीत, कांदे-बटाटे अंधाऱ्या पण हवेशीर कोपऱ्यात हवेत. पिठाची चक्कीही शेजारीच असावी. मात्र पिठाची धूळ मालावर बसू नये म्हणून तिला वेगळी खोली आणि बाहेरून स्वतंत्र दार द्यावे. डबा चक्कीवर ठेवून तिला तेवढ्या वेळात तेल-मीठ घेता येईल.