डोमिनोच्या डब्यात 28च ठोकळे असतात, कोणी खाल्ले नाहीत

आपल्या गावच्या ग्रुपवर मेसेज फिरून राह्यला का शाळेतल्या पोट्ट्यांसाठी आलेल्या डोमिनोच्या (ठिपक्यांच्या चपट्या ठोकळ्यांचा खेळ, एका ठोकळ्यावर दोन भाग, प्रत्येक भागावर एक आकडा) डब्यात 49 ठोकळे पाहिजे होते, निघाले 28, म्हंजे 21 मास्तरनं गायब केले. हिशोब काय तर कोऱ्यापासून 6 ठिपक्यांपर्यंत 7 आकडे, दोन बाजू, म्हणून 7 गुणिले 7.

हे चूक आहे भाऊ. ठोकळा फिरवला का 2-5 चाच 5-2 होते, त्याच्यासाठी वेगळा ठोकळा लागतच नाही, म्हणून दोन्हीकडे सारखे आकडे असलेले 7 अन् बाकीचे 21, झाले 28. डबा पूर्ण आहे. खात्री करायची असन तर सगळे ठिपके मोजा, 168 भरले पाहिजे, अन् कोऱ्यासकट प्रत्येक आकडा 8 वेळा दिसला पाहिजे, पुढं कधी एखादा ठोकळा खरंच हरवला तर जे आकडे कमी भरतीन त्याच्यावरूनच समजते कोणता गेला ते.

55 ठोकळ्यांचा सेट पण असते, 9 ठिपक्यांपर्यंतचा, क्यूबात लय चालते. चिनी सेट 32 चा, त्यात कोरी बाजूच नाही.

अन् हे नुसतं रांग लावून पाडायचं खेळणं नाही (तेही करू द्या पोट्ट्यांले, मस्त मजा येते). दोघं असन तर 7-7 घ्या, उरलेले 14 पालथे ठेवा, मांडलेल्या रांगेच्या टोकाच्या आकड्याशी जुळणारा लावत जा, नसला तर पालथ्यातून उचला, ज्याचे आधी संपले तो जिंकला.

बाप्पा, मास्तरवर उगाच चोरीचा आळ घेऊ नका, ज्यानं ज्यानं तो मेसेज पुढं ढकलला त्यानं आजच डिलीट करा.